आधी तापमान वजा करा, मग तडा शोधा

मागच्या अंकात पुलांवर वर्षानुवर्षं ठेवल्या जाणाऱ्या यांत्रिक देखरेखीबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेते. पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : मॅडम, ‘पुलाची कंपनं मोजली की आतलं नुकसान कळू शकतं’ असं तुम्ही लिहिलंत. माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. तो म्हणतो, सेन्सर आता स्वस्त झालेत, प्रत्येक पुलावर चार-चार बसवले की झालं. इतकं सोपं असेल तर पूल पडतात कसे? – एक निवृत्त गणित शिक्षक

उत्तर : तुमच्या मुलाचं तत्त्व बरोबर आहे. गाडी गेली किंवा वारा आला की पूल त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या वारंवारतेने (सेकंदाला किती कंपनं, त्या गतीने) थरथरतो, आणि ती वारंवारता त्याचा ताठपणा आणि वस्तुमान यांवर ठरते. तडा गेला की ताठपणा घटतो, वारंवारता उतरते. अडचण तत्त्वात नाही, आकड्यांत आहे. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे अख्ख्या पुलाचा ताठपणा ५ टक्क्यांनी घटला, तर वारंवारता जेमतेम अडीच टक्क्यांनी खाली येणार. आणि तडा काही अख्ख्या पुलाला जात नाही, एका गर्डरला, म्हणजे भार पेलणाऱ्या लांब तुळईला, एका जागी जातो.

हे किती अवघड आहे ते १९९३मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीजवळ दिसलं. रिओ ग्रँड नदीवरचा आय-४० महामार्गाचा पूल पाडायचाच होता. अभियंत्यांनी त्याचा एक पोलादी गर्डर गॅसच्या ज्योतीने चार टप्प्यांत कापला. आधी मधल्या उभ्या पत्र्याला चीर पाडली, मग ती खालच्या पट्टीपर्यंत नेली, मग ती आडवी पट्टी अर्धी कापली आणि शेवटी पूर्ण कापली. पुलाला अनेक वारंवारता असतात. त्यांतली पहिली, म्हणजे सर्वांत कमी, सुरुवातीला सेकंदाला २.४८ कंपनं होती. पहिल्या दोन टप्प्यांनंतर ती २.५२ मोजली गेली. तिसऱ्यानंतर २.४६. गर्डरची खालची पट्टी आरपार तुटली तेव्हा कुठे ती २.३०वर उतरली. त्या पट्टीवर तर गर्डरमधली बहुतेक ओढ येते! पहिले तीन टप्पे कंपनांच्या आकड्यांत जवळपास अदृश्यच राहिले.

आता यात तापमान मिसळा. स्वित्झर्लंडमध्ये बर्न परगण्यात ए-१ महामार्गावरून जाणारा झेड-२४ नावाचा पूल होता. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा (म्हणजे आत ताणून बसवलेल्या पोलादी केबलींचा), मधला गाळा ३० मीटरचा. शेजारून नवा रेल्वेमार्ग जाणार असल्याने तो पाडायचं ठरलं होतं. पाडण्याआधी १९९७च्या नोव्हेंबरपासून १९९८च्या सप्टेंबरपर्यंत त्याची सलग नोंद ठेवली आणि शेवटच्या काही आठवड्यांत त्याला मुद्दाम इजा केली. एक खांब थोडा थोडा खाली बसवला, पायाला कल दिला, काँक्रीटचे तुकडे काढले, शेवटी आतल्या केबलींच्या तारा तोडल्या. आमच्या क्षेत्रात या पुलाइतका अभ्यास फार थोड्या पुलांचा झाला असेल.

त्यातून जे निघालं ते मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सर्वांत आधी दाखवते. पूल धडधाकट होता तेव्हाही त्याच्या पहिल्या चार वारंवारता वर्षभरात १४ ते १८ टक्क्यांनी वरखाली झाल्या. एकही तडा नाही, खांब जागच्या जागी, आणि तरीही एवढा फरक. कारण पारा शून्याखाली गेला की वरचा डांबराचा थर कडक होऊन डेकचा, म्हणजे गाड्या जातात त्या फरशीचा, भाग असल्यासारखा भार घेऊ लागतो. म्हणून शून्याच्या वर तापमान आणि वारंवारता यांचं नातं एका उताराची रेघ दाखवतं आणि शून्याखाली एकदम दुसऱ्याच, जास्त तीव्र उताराची. त्यापुढे खांब खाली खचवल्याने झालेला बदल थोड्याच टक्क्यांचा. थंडीतल्या एका दिवसाची मोजणी आणि उन्हाळ्यातल्या एका दिवसाची मोजणी शेजारी ठेवून कुणी ‘पूल कमजोर झाला’ म्हणालं असतं, तर ते साफ चुकलं असतं. उलटही घडू शकतं, आणि ते अधिक धोक्याचं आहे. खरोखर कमजोर झालेला पूल थंडीच्या दिवसात ठणठणीत दिसू शकतो.

म्हणून मी म्हणते, आधी तापमान वजा करा. एक वाट अशी : पुलावर अनेक जागी तापमान मोजायचं आणि वर्षभराच्या नोंदीवरून त्याचं वारंवारतेशी नातं बसवायचं. हवेचं तापमान पुरत नाही. काँक्रीटला तापायला आणि निवायला वेळ लागतो. दुपारी डेकचा वरचा पृष्ठभाग भाजून निघालेला असतो आणि गर्डरचा तळ अजून गारच असतो, त्यामुळे दोन तासांपूर्वीचं, चार तासांपूर्वीचं तापमानही हिशेबात घ्यावं लागतं. दुसरी वाट अशी की तापमान न मोजता पुलाच्या चार-पाच वारंवारता एकमेकींशी ताडून बघायच्या. तापमानाने त्या ठरावीक मेळाने हलतात, नुकसान झालं की तो मेळ बिघडतो. झेड-२४वर तापमानाचा वाटा काढून टाकल्यावर खांब खचल्याचा बदल स्पष्ट दिसला.

दोन्ही वाटांना एक पूर्वअट आहे : पूल निरोगी असतानाची किमान एका पूर्ण ऋतुचक्राची नोंद. तुमच्या मुलाला एवढंच सांगा की चार सेन्सर कधीही बसवता येतात, पण मागचं वर्ष मागाहून मोजता येत नाही. पुलाबद्दल शंका आल्यावर सेन्सर बसवले, तर जी नोंद सुरू होते ती आजारी पुलाची असते, आणि तीच मग त्याची ‘नेहमीची’ अवस्था ठरते. नवा पूल वाहतुकीला खुला होण्याआधी भारचाचणी होते, त्याच दिवशी पहिली नोंद घेऊन ठेवायला हवी. मी हे दर बैठकीत म्हणते आणि दर वेळी उत्तर मिळतं की पूल तर नवा आहे, आत्ताच कशाला. नवा आहे म्हणूनच.

प्रश्न : मी साइट इंजिनिअर आहे. एका जुन्या पुलावर मॉनिटरिंग करायचं ठरलं आहे. कोणते सेन्सर आणि किती, याची यादी द्याल का?

उत्तर : यादी देत नाही, कारण यादीपासून सुरुवात केली की काम बिघडतं. आधी कागदावर लिहा, हा पूल कशाने पडू शकतो. मग त्या एकेका कारणाची पहिली खूण काय असेल ते लिहा. ती खूण मोजणारं यंत्र घ्या. बाकीचं घेऊ नका.

पूल पोलादी असेल तर वेल्डिंगच्या आणि रिव्हेटच्या जागी थकव्याचे, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारे, तडे सुरू होतात. तिथे स्ट्रेन गेज (ताणाने लांबीत होणारा सूक्ष्म बदल मोजणारी पट्टी) लावा, पण तुम्हाला भीती वाटते त्या जागेजवळच. तड्याचा परिणाम त्याच्या अगदी लगतच जाणवतो, दोन मीटर दूरच्या गेजला पत्ताही लागत नाही. पोलादात एक मायक्रोस्ट्रेन (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) म्हणजे साधारण ०.२ मेगापास्कल ताण, तेव्हा चांगली गेज एका ट्रकची जा-ये सहज पकडते. ट्रक कुठे असताना गेज किती वाचते, याचा आलेख पुलाच्या दुखऱ्या जागेबद्दल कंपनांपेक्षा जास्त सांगतो. वर्षानुवर्षं टिकणारं मोजमाप हवं असेल तर काँक्रीटसाठी व्हायब्रेटिंग वायर गेज माझ्या भरवशाची आहे. तिच्यात ताणलेली तार असते, आणि तंबोऱ्याची खुंटी पिळली की जसा स्वर चढतो तशी काँक्रीट ताणलं गेलं की त्या तारेची वारंवारता चढते. वारंवारता लांब केबलमधून जाताना बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण.

पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा असेल तर वेगळाच विचार करा. आतली एखादी तार गंजून तुटली तरी भोवती भरलेल्या ग्राउटमुळे (सिमेंटच्या लगद्यामुळे) ती थोड्या अंतरावर पुन्हा पकड घेते. काँक्रीट फाकत नाही तोवर ताठपणाही जवळपास तसाच राहतो. म्हणजे वारंवारता गप्प, झोळ नाही, भेग नाही, आणि आत तारा एकेक करून तुटताहेत. जर्मनीत ड्रेस्डेनमधल्या कॅरोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४च्या पहाटे असाच एल्ब नदीत कोसळला. हा पूल १९७१मध्ये खुला झाला होता. त्या वेळी वर कुणी नव्हतं, म्हणून जीवितहानी झाली नाही. त्याचं पोलाद ताणाखाली गंजून आतून तडकत गेलं होतं. अशा पुलाला आवाज ऐकणारी यंत्रणा हवी. तार तुटते तेव्हा ऊर्जा एकदम मोकळी होते, तो ठोका काँक्रीटमधून धावतो, आणि निरनिराळ्या सेन्सरांपर्यंत तो किती फरकाने पोचला यावरून तुटल्याची जागा काढता येते. ड्रेस्डेनमध्ये कोसळल्यानंतर पुलाच्या उरलेल्या भागांवर अशी यंत्रणा बसवली गेली आणि तिने तारा तुटल्याचे आवाज नोंदवलेही. पण ध्यानात घ्या, यंत्रणा बसवण्याआधी किती तारा तुटल्या हे ती सांगू शकत नाही.

पूल नदीवर असेल तर पायाखालची माती वाहून जाते का, हे बघा. न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीक या लहान नदीवरचा पूल ५ एप्रिल १९८७ला पुरात पडला आणि १० माणसं गेली. त्याच्या खांबाचा उथळ पाया पाण्याने खालून पोखरला होता. डेकवर कितीही गेज लावल्या असत्या तरी हे दिसलं नसतं. खांबावर कल मोजणारं यंत्र आणि पाण्याखाली तळ मोजणारा सोनार, हे तिथे कामाचं.

आणि कोणत्याही पुलावर बसवावी अशी एक जोडी सांगते. एक्सपान्शन जॉइंटवर (डेकला वाढायला ठेवलेल्या फटीवर) सरक मोजणारं यंत्र आणि डेकमध्ये तापमापी. हिशेब सोपा आहे. शंभर मीटर सलग काँक्रीट एक अंश तापलं की साधारण एक मिलिमीटर वाढतं. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्यावर जॉइंटची फट घेऊन आलेख काढा. बेअरिंग, म्हणजे डेक आणि खांब यांच्यामधला सरकता टेकू, मोकळं असेल तर सगळे ठिपके एका तिरप्या पट्ट्यात बसतात. मी पाहिलेल्या एका पुलावर हा पट्टा हळूहळू पायऱ्यांसारखा होत गेला. सकाळपासून तापमान चढत होतं, फट मात्र जशीच्या तशी. दुपारी एखादा जड ट्रेलर गेला की फट एका क्षणात काही मिलिमीटर सरकायची आणि पुन्हा थांबायची. खांबाच्या माथ्यावर आम्ही कल मोजणारं यंत्र लावलेलं होतं. त्याच्या नोंदीत सकाळभर खांब अगदी मंद गतीने झुकत होता आणि फट सरकली त्याच सेकंदाला मागे येत होता. दोन्ही नोंदी एकाखाली एक ठेवल्या तेव्हा चित्र लागलं. बेअरिंग गंजून अडकलं होतं, डेक वाढू बघत होता आणि जागा मिळत नाही म्हणून खांबाला ढकलत होता. खांबाच्या बुडाशी भेगा पडायच्या आत बेअरिंग बदललं गेलं. त्या पुलावर कंपनांची सगळी नोंदही होती, तिच्यात यातलं काहीही दिसलं नव्हतं.

किती सेन्सर, या प्रश्नाला उत्तर असं : जितक्यांकडे लक्ष ठेवायला माणूस आहे तितके. पूल साठ-सत्तर वर्षं टिकायचा असतो, सेन्सर त्याच्या कितीतरी आधी जातात. डिंक सुटतो, केबलच्या जोडात पाणी शिरतं, वीज पडून लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) जळतो. बदलायला शिडीने पोचता येईल अशाच जागी शक्य तितकं बसवा, आणि महत्त्वाच्या जागी एकाऐवजी दोन.

प्रश्न : इतकी यंत्रं लागतातच कशाला? पूर्वी अनुभवी माणूस हातोडी घेऊन जायचा आणि सांगायचा.

उत्तर : तो माणूस हवाच. हातोडीने ठोकून काँक्रीटचं पापुद्रे सुटलेलं आवरण ओळखणं, बेअरिंगखालचा कचरा बघणं, पाणी कुठून गळतंय ते शोधणं, हे यंत्र करत नाही. पण डोळ्यांना मर्यादा आहेत. अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ला पडला आणि ४६ माणसं गेली, ते जोडसाखळीच्या एका पट्टीतल्या छोट्या तड्यामुळे. तो तडा पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला होता, जोड सोडवल्याशिवाय दिसणारच नव्हता. त्या दुर्घटनेनंतर तिथे पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. पुढे मिनीॲपोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ला कोसळला, १३ जण गेले. त्याच्या गसेट प्लेटा (तुळया जिथे मिळतात तिथले जोडपत्रे) मुळातच हव्या त्यापेक्षा निम्म्या जाडीच्या होत्या, आणि २००३मध्ये काढलेल्या छायाचित्रांत त्यांतल्या काही वाकलेल्याही दिसतात. चित्र होतं, त्याचा अर्थ कुणी लावला नाही. त्या जागी २००८मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या पुलात बांधतानाच ३००हून अधिक सेन्सर बसवले.

माणूस आणि यंत्र यांच्यात निवड करायला लावणारी मांडणीच मला पटत नाही. यंत्र रात्रंदिवस एकाच जागी बघतं, माणूस वर्षातून एकदा सगळीकडे बघतो.

प्रश्न : पुलावर ट्राफिकमध्ये गाडी थांबली की पूल हलताना जाणवतो. भीती वाटते. हे नुकसानीचं लक्षण आहे का?

उत्तर : नाही. पूल हलायलाच हवा, तो तसाच बांधलेला असतो. आपल्या शरीराला फार लहान कंपनंही मोठी वाटतात. मात्र तुम्ही रोज जाता त्या पुलावर आधी नव्हता असा दणका जॉइंटवर बसू लागला, कठड्याची सरळ रेघ एका जागी मोडलेली दिसली, किंवा खालून गंजाचे ओघळ आणि ताजी भेग दिसली, तर फोटो काढून पुलाची देखभाल करणाऱ्या विभागाला जरूर कळवा. अमेरिकेत मेम्फिसमधला मिसिसिपी नदीवरचा आय-४०चा पूल ११ मे २०२१ला तडकाफडकी बंद करावा लागला, कारण एका मुख्य गर्डरला जवळजवळ आरपार तडा गेलेला आढळला. नंतर शोध घेतला तेव्हा नदीतून छोट्या होडीतून जाणाऱ्या एका माणसाने २०१६मध्ये काढलेल्या फोटोत तो तडा दिसत होता. तुमचा फोटो वाया जाणार नाही, असं समजूनच पाठवा.

प्रश्न : यंत्रणेने धोक्याचा इशारा दिला आणि तो खोटा निघाला तर? आणि खरा असून कुणी ऐकलं नाही तर?

उत्तर : तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. समजा १०० सेन्सर आहेत, दर दहा मिनिटांना प्रत्येकाचं एक मूल्य तपासलं जातं, आणि मर्यादा अशी ठेवली की हजारांत एकदाच चुकून ओलांडली जाईल. ऐकायला कडक वाटतं. पण दिवसाला १४,४०० तपासण्या होतात, म्हणजे रोज चौदा खोटे इशारे. पहिल्या आठवड्यात लोक धावत जातात, दुसऱ्या महिन्यात घंटा बंद करून ठेवतात. मग खरा इशारा येतो तो त्या बंद घंटेवर.

म्हणून एकट्या सेन्सरच्या बोलण्यावर इशारा देऊच नये. आधी तो सेन्सर ठीक आहे का बघायचं, मग शेजारचे दोन काय म्हणतात ते, मग तापमान आणि वाहतूक वजा करून बदल टिकून आहे का ते. तापमानाचा बदल परत फिरतो, नुकसान परत फिरत नाही. माझ्या मते हा सर्वांत उपयोगी निकष आहे.

पण याहून महत्त्वाची गोष्ट तांत्रिक नाही. इशारा आल्यावर रात्री दोन वाजता पूल बंद करण्याचा अधिकार कुणाला, हे सेन्सर बसवण्याआधी लेखी ठरलेलं हवं. त्या व्यक्तीचं नाव, तिच्या गैरहजेरीत कोण, आणि पूल चुकून बंद केला गेला तर तिला जाब विचारला जाणार नाही अशी हमी. ही हमी नसेल तर कुणीही जबाबदार माणूस ‘सकाळी बघू’ असंच म्हणणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. मी ज्या करारांवर काम केलं त्यांत यंत्रांची पानंच्या पानं माहिती असायची आणि या मुद्द्यावर एक ओळ नसायची. हल्ली ते कलम असल्याशिवाय मी सल्ला द्यायला तयार होत नाही.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या विषयावर प्रकल्प करायचा आहे, पण पूल नाही आणि सेन्सरही नाहीत. मशीन लर्निंग शिकू का?

उत्तर : शिका, पण दुसऱ्या क्रमांकावर. वर सांगितलेल्या झेड-२४ पुलाची मोजमापं बेल्जियममधलं ल्यूवेन विद्यापीठ अभ्यासकांना विनंतीवरून देतं. तुमच्या मार्गदर्शकांमार्फत ती मागवा. मिळाली की लगेच कुठलंही मॉडेल चालवू नका. पहिल्या वारंवारतेचा वर्षभराचा आलेख काढा, त्याखाली तापमानाचा काढा, आणि मग दोन्ही एकमेकांविरुद्ध मांडा. शून्य अंशाजवळचं वळण स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यानंतर साधी सरळ रेघ बसवा आणि ती कुठे फसते ते लिहून काढा. ती थंडीत फसेल, आणि का फसते हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं की प्रकल्पाचा अर्धा भाग झाला.

मॉडेल शिकवताना एक काळजी घ्या. फक्त उबदार महिन्यांच्या नोंदीवर शिकवलं, तर ते पहिल्या कडाक्याच्या थंडीला नुकसान म्हणेल. थंडीही आत घ्या. आणि खांब खचवल्याच्या दिवसांची नोंद शिकवण्यात चुकूनही मिसळू देऊ नका, ती शेवटच्या परीक्षेसाठी बाजूला ठेवा. आलेख तयार झाले की मला पाठवा, तपासून परत पाठवीन.